पडूनच आहे की!

जालना जिल्ह्यात कमी खर्चात पेंटबॉलचं मैदान उभं करायचं असेल, तर सगळ्यात आधी एक दाजी मिळवावा. जमीन, जाळी, गोळ्या हे नंतरचं. दाजी म्हणजे बहिणीचा नवरा. तो शक्यतो पुण्याचा असावा. कंपनीच्या खर्चाने एकदा त्याला लोणावळ्याकडे नेऊन रंगाच्या गोळ्या घातलेल्या असाव्यात, आणि तेव्हापासून त्याची झोप उडालेली असावी. सासुरवाडीच्या बांधावर कमरेवर हात ठेवून उभं राहायचं आणि समोरच्या बरड तुकड्याकडे बघत 'हे तर पडूनच आहे की!' म्हणायचं, हे ज्याला जमतं तो दाजी पात्र समजावा.

दुसरी गरज मेहुण्याची. मेहुणा शेती करतो. त्याला ठाऊक असतं की शेतात पडून असं काहीच नसतं. पण दाजीला नाही म्हणायची सोय नसते, आणि मैदान उभं राहतं ते याच अडचणीवर.

मुहूर्त धोंड्याच्या महिन्याचा धरावा. २०२६ साली अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून असा येतो. या काळात जावयाला बोलावून अनारसे खाऊ घालायचे, वर वाण द्यायचं, आणि त्याने काही मागितलं तर मान डोलवायची. रान मोकळं असतं, नांगरट होऊन ढेकळं तापत पडलेली असतात, बैलांना काम नसतं. इतका जुळून आलेला योग पंचांगात वारंवार सापडत नाही. फक्त एक लक्षात ठेवावं: मृग नक्षत्र ७-८ जूनला लागतं, म्हणजे मैदानाचं आयुष्य फार तर तीन आठवड्यांचं. ही गोष्ट मेहुण्याला पहिल्या दिवसापासून माहीत असते. तो बोलत नाही.

खेळ परका वाटत असेल तर थोडा इतिहास. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. पेंटबॉलचा पहिला सामना त्याच वर्षी २७ जूनला अमेरिकेत, न्यू हॅम्पशायर राज्यातल्या हेनिकर गावाजवळच्या जंगलात झाला. म्हणजे जिल्हा या खेळापेक्षा ५७ दिवसांनी थोरला. वाद असा होता, की रानात सोडलं तर शहरातला माणूस टिकेल की खेड्यातला? शेअरबाजारातला हेज नोएल शहराच्या बाजूचा, लेखक चार्ल्स गेन्स रानाच्या बाजूचा. बारा जण उतरले. त्यांच्या हातात होती 'नेल-स्पॉट ००७' नावाची पिस्तुलं. तोडायची झाडं आणि कळपातली जनावरं लांबूनच रंगाने खुणावून ठेवायला ती बनवलेली होती. जिंकला रिची व्हाइट नावाचा जंगलात काम करणारा माणूस, एकही गोळी न झाडता. हा शेवटचा तपशील दाजींना सांगू नये. सांगितलाच तर ते स्वतःला रिची व्हाइट समजू लागतात.

आता जागा. स्पर्धेचं मैदान १५० फूट लांब आणि १२० फूट रुंद असतं, म्हणजे साडेसोळा गुंठे. दाजी एकराच्या खाली बोलत नाहीत, तेव्हा गुंठ्यांतच बोलावं. काळी जमीन घेऊ नये. उन्हाळ्यात तिला घोटा अडकेल एवढ्या भेगा पडतात, आणि एखादा वळीव झाला तर पळणाऱ्याच्या बुटाला पाच किलोचा गोळा चिकटतो. मुरमाड बरड चांगली. वाकून, हातात खराटा घेऊन सगळी जागा एकदा चालावी: बाभळीचे काटे, काटेरी तारेचे तुकडे, बाटल्यांच्या काचा, ठिबकच्या नळ्यांच्या खुंट्या.

आणि विहीर. इथे गंमत थांबवून सांगायला हवं. बिनकठड्याची विहीर किंवा शेततळं जवळ असेल तर ती जागा सोडून द्यावी, दुसरी बघावी. शेततळ्याच्या प्लॅस्टिकच्या उतारावर पट्टीचा पोहणाराही वर येऊ शकत नाही, पाय घसरतच राहतो. मास्क लावलेल्या माणसाला खालचं कमी दिसतं आणि तो उलटा पळत असतो. जागा बदलता येत नसेल तर खेळ बदलावा. सासुरवाडीत पत्ते असतात.

आडोशांचं कलम सगळ्यात मोठं, कारण 'पडूनच आहे' हे वाक्य इथे सगळ्यात जास्त वेळा उच्चारलं जातं.

दाजींची पहिली नजर पऱ्हाटीवर जाते. कापूस वेचून झाला, काड्या बांधावर रचून ठेवल्यात, फुकटचा तट तयार! मेहुणा पहिल्यांदा तोंड उघडतो तो इथे. पऱ्हाटीच्या ढिगात न उमललेली बोंडं राहतात आणि त्यांत गुलाबी बोंडअळी मुक्काम करते. शेतात पऱ्हाटी साठवू नका, असं कृषी विभाग दरवर्षी कानीकपाळी ओरडतो. २००२ मध्ये देशात बीटी कापसाला पहिली परवानगी मिळाली ती जालन्याच्या महिको या बियाणं कंपनीच्या वाणांना, आणि पुढे गुलाबी अळीने त्याच बीटीला दाद देणं सोडलं. २०१७ चा हंगाम आठवला तरी मेहुण्याचं तोंड कडू होतं. तेव्हा पऱ्हाटीचा तट म्हणजे शत्रूला स्वतःच बांधून दिलेली धर्मशाळा. शिवाय काड्यांची टोकं खेळाडूच्या मानेच्या उंचीवर येतात. तुराट्यांचंही तेच. रद्द.

मग प्लॅस्टिकचे दोनशे लिटरचे ड्रम. हे उत्तम. अर्धे मुरमाने भरावेत म्हणजे वाऱ्याने आणि दाजींच्या धक्क्याने लोळत नाहीत. कीटकनाशकाचा ड्रम कितीही धुतला तरी घेऊ नये. लोखंडी ड्रमचा मोह धरू नये, त्याला धारदार कडा असतात. शिवाय जालना हे सळयांचं गाव. भट्ट्यांची भूक एवढी, की लोखंड इथे पडून राहतच नाही. रात्री मैदानावर ठेवलेला पत्रा सकाळी भंगारवाल्याच्या काट्यावर असतो.

टायर चालतात. तळाला भोकं पाडावीत, नाहीतर पावसाचं पाणी साचून डासांची पैदास होते. युरियाच्या गोण्या मुरमाने भरून एकावर एक रचाव्यात. आडोशामागे गुडघा टेकण्याआधी काठीने आपटावं. उन्हाळ्यात सावलीला विंचूही येतो आणि त्याला खेळाचे नियम माहीत नसतात.

सर्वांत स्वस्त आणि टिकाऊ माल मात्र फ्लेक्स. वाढदिवस, निवड, अभिनंदन, श्रद्धांजली अशा प्रत्येक प्रसंगानंतर गावात दहा बाय वीसचं कापड उरतं. ते कडब्याच्या गंजीवर पडतं, गोठ्याच्या कुडाला लागतं, कांद्यावर झाकलं जातं. बांबूच्या चौकटीवर ताणून बांधलं तर झकास आडोसा होतो. पण दाजींना बाहेरगावी राहून एक गोष्ट कळत नाही: त्या कापडावर चेहरे असतात. मध्ये एक मोठा, बाजूला पस्तीस छोटे, हात जोडलेले, गॉगल लावलेले. त्यांतल्या एकाच्या बरोबर कपाळावर गुलाबी रंगाची गोळी फुटली आणि तेवढ्यात रस्त्याने त्याचाच चुलतभाऊ मोटारसायकलवरून गेला, तर मैदान बंद होतं, आणि मेहुण्याचं सोसायटीचं कर्जही. म्हणून फ्लेक्स नेहमी उलटा बांधावा, पांढरी बाजू शत्रूकडे. तरी आतल्या बाजूने सगळे पस्तीस जण लपलेल्या खेळाडूकडे हात जोडून बघत राहतात. त्यामुळे नेम चुकतो, असं दाजींचं म्हणणं आहे.

जाळी. नळी वर करून झाडलेली गोळी शंभर यार्डांच्या आसपास जाते, म्हणून कडेने किमान बारा फूट उंच जाळी हवी. शेडनेटमध्ये भाजीपाल्याचं बियाणं घेणारे शेतकरी या भागात पुष्कळ. त्यांची जुनी हिरवी जाळी स्वस्तात मिळते. ती ताणून बांधू नये, सैल सोडावी, दुहेरी करावी. सैल जाळी गोळीचा जोर खाते, ताणलेली एक तर फाटते नाहीतर गोळी परत पाठवते. उन्हाने कडकडीत झालेल्या जाळीवर भरवसा नको. बघायला आलेली पोरं जाळीला नाक लावून उभी राहतात. त्यांना लांब बसवावं, नाहीतर त्यांच्याही डोळ्यांवर मास्क चढवावा. पोरं मागे हटत नाहीत. चिंचेखाली फुटाणे वाटले की हटतात.

काटकसर कुठे करायची नाही तेवढं सांगितलं की कुठे करायची ते आपोआप कळतं. मार्कर, म्हणजे गोळ्या झाडायची बंदूक, आणि मास्क भाड्याने आणावेत, पण नीट आणावेत. गोळी ०.६८ इंचाची, वजन तीन ग्रॅमच्या आसपास, आणि वेगाची मर्यादा सेकंदाला ३०० फूट, म्हणजे ताशी ३२९ किलोमीटर. ती मांडीवर लागली तर वळ उठतो. डोळ्यावर लागली तर डोळा जातो. वेल्डिंगचा चष्मा, हेल्मेटची काच, दाजींचा गॉगल यांतलं काहीही चालत नाही. पेंटबॉलसाठीच बनवलेला, एएसटीएम एफ १७७६ या मानकाचा मास्क लागतो. काचेवर वाफ धरली म्हणून मैदानात तो वर करणाऱ्याला पंचाने त्याच क्षणी बाहेर काढावं, मग तो जावई असो. 'आपण घरीच पाइपची बंदूक करू' असं कोणी म्हणालं तर त्याला २०२५ च्या दिवाळीची आठवण करून द्यावी. भोपाळ आणि आसपास प्लॅस्टिकच्या पाइपांतून कार्बाइड उडवताना कित्येक मुलांचे डोळे भाजले.

पोलीस ठाण्यात आधी लेखी कळवावं, आणि अर्जात 'बंदूक' शब्दाने सुरुवात करू नये.

आता ऊन. हे लोणावळ्यात शिकवत नाहीत. काही मार्कर कार्बन डायऑक्साइडच्या बाटलीवर चालतात. हा वायू ३१ अंशांच्या वर द्रवरूपात राहतच नाही, कितीही दाबला तरी. जालन्याचा मे महिना चाळिशीच्या पलीकडचा. म्हणजे सकाळी सातला सभ्य असलेली बाटली दुपारी एकला तापट होते, दाब वाढतो आणि गोळीचा वेगही. सकाळी क्रोनोग्राफवर वेग मोजला म्हणून निर्धास्त राहू नये, दर तासाला मोजावा. बाटली गाडीच्या डिकीत किंवा ट्रॅक्टरच्या बॉनेटवर ठेवणाऱ्याला दुसऱ्यांदा बोलावू नये. सगळ्यात शहाणपणाचं म्हणजे सकाळी साडेसहा ते नऊ खेळावं आणि मग जेवावं. धोंड्याच्या महिन्यात जेवणाची कमतरता नसते.

गोळ्यांनाही ऊन सोसत नाही. कवच जिलेटिनचं, ते मऊ पडून नळीतच फुटतं. दाजी त्या रांजणाशेजारी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवतात. ओलीने त्या फुगून बोराएवढ्या बेढब होतात. मग दाजी त्या फ्रिजमध्ये ठेवतात, आमरसाच्या पातेल्याला लागून. सासूबाई माळकरी.

"हे काय हो जावईबापू? पोरांच्या गोळ्या का?"

"खायच्या नाहीत मामी, रंगाच्या. वरचं आवरण जिलेटिन आहे, आत पॉलिइथिलीन ग्लायकॉल, अगदी निरुपद्रवी."

"जिलेटिन म्हंजी?"

इथे दाजींनी गप्प बसायला हवं होतं. पण ते इंजिनिअर, अर्धवट उत्तर देण्याची सवय नाही. जनावरांची कातडी आणि हाडं उकळून ते करतात, हे त्यांनी सविस्तर सांगितलं. आमरस गोठ्यात गेला, फ्रिज दोनदा धुतला गेला, आणि गोळ्यांना धान्याच्या खोलीत, रिकाम्या कोठीत, अंधारात जागा मिळाली. कोरडी, थंड, उन्हाच्या आड. गोळ्या ठेवायची खरी पद्धत हीच. ती सापडते मात्र अशी.

व्यूहरचनेबद्दल दाजी असईच्या लढाईचा दाखला देतात. तो त्यांना देऊ द्यावा, कारण दाखला खरोखर चांगला आहे. भोकरदनच्या बाजूला केळना आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात २३ सप्टेंबर १८०३ ला शिंदे-भोसल्यांच्या फौजेवर इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली चालून गेला. नदीला पुढे उतार नाही, असं वाटाडे सांगत होते. त्याने पाहिलं की दोन्ही काठांना समोरासमोर दोन गावं आहेत, आणि ताडलं की शेजारची गावं एकमेकांकडे गेल्याशिवाय राहत नाहीत, म्हणजे उतार असणारच. तो होता. मैदान आखताना हेच उलटं वापरावं: दोन आडोसे नेमके समोरासमोर ठेवले की मधून वाट पडते आणि सगळे तिथूनच पळतात. आडोसे तिरपे ठेवावेत. वेलस्लीचे त्या दिवशी दोन घोडे जखमी झाले, हे दाजी सांगत नाहीत.

उद्घाटनाला नारळ फोडावा, पण आडोशावर नाही.

पहिली गोळी कोणी खायची, हा प्रश्न प्रत्येक मैदानावर येतो. वेग बरोबर आहे का, जाळी धरते का, रंग धुऊन जातो का, हे अंगावर घेतल्याशिवाय कळत नाही. पोरं एकमेकांकडे बघतात, मेहुणा आभाळाकडे. तेव्हा दाजी मास्क लावून, पोटाला घरातली गोधडी बांधून साडेसोळा गुंठ्यांच्या मधोमध जाऊन उभे राहतात आणि ओरडतात, "हाण रे!" मेहुणा हाणतो. तीन महिन्यांचं बोललेलं, न बोललेलं, सगळं त्या एका चापात असतं. गोळी गोधडीवर फुटते आणि दाजी आनंदाने उडी मारतात. अशा माणसावर राग धरणं कठीण जातं.

मृग लागतो. एका संध्याकाळी वावटळ येते, फ्लेक्स उडतात, पाऊस ड्रमांवरचा गुलाबी रंग तासाभरात धुऊन नेतो. सकाळी मेहुणा ड्रम गोठ्यात नेतो, टायर बैलगाडीच्या मागे, गोण्या बांधाच्या फुटलेल्या तोंडाला. बरडावर तूर टाकायची ठरते. दाजी पुण्याला गेलेले असतात. एक मास्क राहून जातो, तो सासूबाई मिरच्या भाजताना लावतात. पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारातल्या मिरच्यांचा धूर तसा सोसवत नाही, आणि जिलेटिनचा त्यात काही संबंध नाही याची त्यांनी मुलाकडून खात्री करून घेतलेली असते.

पुढचा अधिक महिना २०२९ चा, चैत्रात, १६ मार्चपासून. तो मेहुण्याने भिंतीवरच्या कालदर्शिकेच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवलेला असतो. भंगारवाला दारात येऊन गोठ्यामागच्या दोन जास्तीच्या ड्रमांकडे बोट दाखवतो.

"हे देता का, मालक? कामाचे तर दिसत नाहीत."

"ऱ्हाऊ द्या," मेहुणा म्हणतो. "पडू द्या तिथंच."