नायगरा की स्कूलबस?

(रंगमंचावर एक मोठी बॅग आणि वजनकाटा. कलाकार बॅग काट्यावर ठेवतो, आकडा बघतो, लोणच्याची बरणी बाहेर काढतो. विचार करतो. बरणी परत आत ठेवतो आणि स्वेटर काढून फेकतो.)

बसलं! २३ किलो! नातवंडांकडे न्यूजर्सीला निघालेल्या कुठल्याही जोडप्याची बॅग उघडून बघा. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, आणि फटी बुजवायला कपडे. पर्यटनाला निघालेला माणूस अशी बॅग भरत नाही. हा माझा पहिला पुरावा, आणि तो वजनासकट आहे. माझं म्हणणं एवढंच, की ‘अमेरिका बघायला चाललोय’ हे आजी-आजोबांचं वाक्य सोसायटीत सांगण्यापुरतं असतं. खरा कार्यक्रम असतो सकाळी, घराजवळच्या कोपऱ्यावर, पिवळ्या स्कूलबसच्या थांब्यावर.

नायगराच घ्या. न्यूजर्सीतल्या एडिसनहून गाडीने सहा-सात तास. तिथे निळा रेनकोट चढवून बोटीत उभं राहायचं. चष्म्यावर पाणी, कानात पाणी, आणि फोटोत नुसत्या निळ्या पिशव्या. त्यातली आजी कुठली, हे आजोबांनाही छातीठोक सांगता येत नाही! आता बस बघा. ती थांबते, लाल दिवे लुकलुकतात, बाजूने ‘स्टॉप’ची पाटी बाहेर येते आणि समोरून येणाऱ्या, मागून येणाऱ्या, सगळ्या गाड्या जागच्या जागी उभ्या. तिथे कायदाच आहे तसा. (हळू चालत) मधून कोण चाललंय? पाठीवर स्वतःएवढं दप्तर घेतलेलं एक कार्टं. बुटाची नाडी सुटलेली. ते मध्येच थांबतं, रस्त्यावरचा खडा उचलतं, उलटसुलट करून बघतं, खिशात घालतं. हॉर्न? एक नाही! ज्यांची हयात पुण्यातला लक्ष्मी रोड ओलांडण्यात गेली, त्यांना हे बघून भरून येणार नाही तर काय? आजोबा हात हलवतात ते असे, की जणू वाहतूक त्यांनीच अडवलीय. तिकीट नाही, रांग नाही, आणि रोज दोन खेळ.

यावर कुणी म्हणेल, हे गोड बोलून बिनपगारी आया होणं झालं. आक्षेपात दम आहे. तारीफ नातवाची आणि डबे भरायचे आजीने, वर फोडणी जरा खमंग बसली की स्मोक अलार्म बोंबलणार. जिथे आजीला विचारत नाहीत, गृहीत धरतात, तिथे जरूर भांडा. मी तुमच्या बाजूने येतो. पण भांडी घासणं आणि बोट धरून थांब्यापर्यंत चालणं एकाच वहीत मांडणारा माणूस उद्या देवळातल्या प्रदक्षिणेलाही व्यायाम म्हणेल.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार. कोथरूडचा नातूही शाळेत जातोच की, त्याचं एवढं कौतुक कुठे होतं? नाही होत. कारण अमेरिकेत विमानतळावरचा अधिकारी राहायला साधारण सहा महिने देतो, आणि परतीची तारीख डोक्यावर असली की माणूस नाडीसुद्धा डोळे भरून बघतो. कोथरूडच्या नातवावर अशी तारीख नाही, म्हणून त्याच्या वाट्याला ‘नाडी बांध, पडशील मेल्या’ एवढंच येतं. यात अमेरिकेचा मोठेपणा काडीचा नाही. उद्या त्याच्या कपाळावर व्हिसाचा शिक्का मारा, बघा आजोबा गेटपर्यंत येतात की नाही!

(बॅगेची चेन लावत) तेव्हा तिकीट काढण्याआधी एक चौकशी करा. ‘हवा छान असते’ म्हणून आपली मंडळी तिथल्या ऐन उन्हाळ्यात जातात. न्यूजर्सीच्या बहुतेक शाळा जूनअखेरीला बंद होतात, त्या उघडतात सप्टेंबरच्या सुरुवातीला. नायगरा जुलैतही असतो. बस नसते.