शंभरातले एकोणचाळीस पैसे

जालन्याच्या बाजारात परदेशी सफरचंदाची पेटी उघडली की आमचे मोसंबीवाले नाक मुरडतात. हे देशहिताचे नाही. मोसंबीने सरकारला असे काय दिले? उलट 2016 साली भौगोलिक मानांकन तिनेच घेतले. वर दुष्काळात टँकरचे पाणी प्यायली आणि बहार धरला की फळगळीची भरपाई मागते. सफरचंद मात्र बंदरात पाय ठेवताच शंभर रुपयांमागे पन्नास मोजून मोकळे होते.

हे पन्नास आधी सगळे मूळ सीमाशुल्क होते, म्हणून त्यात राज्यांचाही वाटा असे. 2021 च्या अर्थसंकल्पाने ती गैरसोय दूर केली. पंधरा रुपये सीमाशुल्क ठेवले आणि पस्तीस रुपयांचे 'कृषी पायाभूत सुविधा व विकास उपकर' असे बारसे केले. खाणाऱ्याला सफरचंद तेवढ्यालाच पडले. उपकरातून मात्र राज्यांना दमडीही द्यावी लागत नाही. शेतकऱ्याच्या नावाने गोळा केलेला पैसा शेतकऱ्याच्या राज्यापासून इतका सुरक्षित ठेवायचा, म्हणजे कौतुकच!

राहिले पंधरा. पंधराव्या वित्त आयोगाच्या 2021-26 साठीच्या हिशेबाने त्यातले 41 टक्के राज्यांचे आणि त्या 41 मधले 6.317 टक्के महाराष्ट्राचे. म्हणजे शंभराच्या सफरचंदामागे मुंबईला साधारण 39 पैसे. जालना त्याच्याही पुढे, समृद्धी महामार्गाने गेलात तरी लांबच.

राज्य सरकार मात्र दिलदार. बांगलादेशाचे संत्र्यावरचे आयातशुल्क 2019 मध्ये किलोला 20 रुपये होते, ते त्याने 2023 पर्यंत 88 वर नेले. विदर्भातली संत्री अडकली, तेव्हा आपल्या सरकारने त्यातले निम्मे, म्हणजे 44 रुपये स्वतः सोसायचे जाहीर केले. दिल्लीकडून पैशांत घ्यायचे, ढाक्याला रुपयांत भरायचे. परराष्ट्र धोरण म्हणतात ते हेच असावे.

जालन्यालाही आशा आहे. 2015 साली इथे ड्रायपोर्टचे भूमिपूजन झाले. समुद्र नसला तरी कस्टमची सोय दारात, म्हणजे सफरचंदाचे पन्नास रुपये इथेच गोळा करून इथूनच दिल्लीला पाठवता येतील. पायाभूत सुविधा आणखी कोणत्या हव्यात?

तेव्हा जालनेकरांनो, यापुढे दवाखान्यात कुणाला भेटायला जाताना पिशवीत परदेशी सफरचंदच न्या. मोसंबी नेलीत तर पेशंट बरा होईल, पण राज्याचे 39 पैसे बुडतील.