कागदोपत्री निर्दोष निर्यातदारास

व्यापारधुरंधर श्रीमान निर्यातदार महोदय यांच्या चरणी भोसरीच्या एका लघुउद्योजकाचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

आपली खुशाली आमच्या बँक स्टेटमेंटमध्ये वाचतोच आहे.

ग्वांगझूच्या कँटन फेअरमध्ये आपण प्रेमाने चहा पाजलात आणि नमुन्याची गिअर मोटर हाती दिलीत. ती आजही बिनतक्रार चालते. इतका जीव ओतणारे कारागीर दुर्मीळच! पुढच्या सगळ्या मालासाठी त्यांना सवड मिळाली नसावी.

तीस टक्के आगाऊ रक्कम टीटीने, म्हणजे थेट बँक हस्तांतरणाने, आपल्याला पोचताच तांब्याचा भाव वाढल्याचे आपण कळवलेत. मग चिनी नववर्षाची सुट्टी लागली. उरलेल्या रकमेच्या एलसीची (बँकेच्या पतपत्राची) मुदत वाढवण्याचा खर्च आमच्या माथी घालून आपण आमचा उत्साह टिकवलात, याबद्दल आभार.

पण खरे कौतुक आपल्या कागदपत्रांचे. इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंग, कुठे स्वल्पविरामही चुकलेला नाही! बँकेने आम्हाला एलसीच्या आंतरराष्ट्रीय नियमांचे, म्हणजे यूसीपी 600 चे, कलम 5 दाखवले: बँकेचा व्यवहार कागदांशी, मालाशी नाही. जुलै 2007 पासून लागू असलेले हे कलम आपण भक्तिभावाने अभ्यासले आहे. उरलेले सत्तर टक्के आपल्याकडे गेले, तेव्हा कंटेनर अजून समुद्रातच होता.

न्हावा शेवा बंदरातून तो भोसरीला आला. नग बरोबर, वजन बरोबर, लेबलवर ‘तांबे’. मोटर खोलली तर आत ॲल्युमिनियमचे वाइंडिंग. त्या ॲल्युमिनियमवर आम्ही तांब्याच्या किमतीने कस्टम ड्यूटी आणि आयजीएसटी भरला होता. तांब्याच्या भाववाढीची झळ आपल्याला लागली नाही, हे पाहून समाधान वाटले.

बदली माल देण्याची आपली तयारी तर औदार्याची परिसीमा. फक्त त्याचे जहाजभाडे हाँगकाँगच्या नव्या खात्यात पाठवायचे, तेही भलत्याच कंपनीच्या नावाने, कारण म्हणे जुन्या खात्याचे ऑडिट चालू आहे. एवढा मान आम्हाला पेलवणार नाही.

विदेशी ग्राहकाने पैसे बुडवले, तर आपल्या पाठीशी 2001 पासून सायनोशुअर ही सरकारी विमा कंपनी आहे. आमच्या पाठीशी कॅश क्रेडिटचे व्याज आहे. ‘मित्रांमध्ये वकील कशाला?’ म्हणत करारातून लवादाचे कलम गाळण्याचा आग्रह आपण का धरलात, तेही आता कळते. पुण्याच्या कोर्टाचा हुकूमनामा चीनमध्ये बजावून घेणे जवळपास अशक्य. लवादाचा निवाडा मात्र न्यूयॉर्क कराराने तिथेही बजावता येतो, आणि चीन त्या करारात 1987 पासून आहे.

महोदय, आता स्तुती पुरे. या मोटरी आम्ही बनवत असलेल्या एकाही पॅकिंग मशीनला बसवलेल्या नाहीत. आमची मशीन मसाले करणाऱ्या बचत गटांकडे जातात. ऐन हंगामात मोटर जळाली असती, तर त्या बायकांचे कर्ज आपण फेडणार होतात का? आमच्या कामगारांचा पगार त्या तीस टक्क्यांत अडकला आहे. ही फसवणूक आहे, आणि आम्ही तिला दुसरे नाव देणार नाही.

वाचकहो, चीनच्या विक्रेत्याकडून त्याचे नोंदणीकृत चिनी नाव आणि अंक-अक्षरांचा 18 स्थानी नोंदणी क्रमांक मागा, आणि खाते त्याच नावाचे आहे का ते पाहा. खाते बदलल्याचा मेल आला, तर जुन्या नंबरवर फोन करा. आणि माल जहाजावर चढण्यापूर्वी तुम्ही नेमलेल्या तपासनिसाने दिलेले प्रमाणपत्र एलसीच्या आवश्यक कागदांत लिहून घ्या. ते जोडलेले नसेल, तर तुमची बँक कागदपत्रे नाकारू शकते.