वाघिणी ओढणारा बैल

(घरच्या छोट्या रेल्वेसाठी शंटिंग इंजिन निवडू पाहणाऱ्या नवशिक्यांकरिता)

नागपुरात वाघीण म्हटलं की माणूस आधी ताडोब्याची सफारी आठवतो. पण आमच्याकडे दुसऱ्या जातीच्याही वाघिणी आहेत. त्या कोळसा खातात, सिमेंट खातात, गहू खातात, उन्हात यार्डात पडून राहतात आणि कोणी ढकलल्याशिवाय जागच्या हलत नाहीत. इंग्रजी वॅगनची मराठी जिभेनं वाघीण केली आणि ती तशीच रुळली.

या वाघिणींना हलवणारं जनावर म्हणजे शंटिंग इंजिन. ते गाडी घेऊन मुंबईला जात नाही, हावड्यालाही जात नाही. ह्या रुळावरची वाघीण त्या रुळावर आणि त्या रुळावरची ह्या, एवढंच त्याचं आयुष्य. सरळ सांगायचं तर तो बैल आहे. तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदीला चाकं लावून दोरीनं गल्लीभर फिरवणाऱ्या गावाला चाकांवरचा बैल काही नवा नाही. तेव्हा निवड बैलासारखीच करायची. रंगावर भाळायचं नाही, पाय बघायचे.

पायरी पहिली : देखणं इंजिन परत ठेवा

दुकानात तुमची नजर आधी लांबलचक, झगझगीत एक्स्प्रेस इंजिनावर जाईल. ती हटवा. मला हे कोणी सांगितलं नाही. मी एक्स्प्रेसच आणली, जेवणाच्या टेबलावर गोल रूळ मांडले आणि गाडी सोडली. पहिल्या फेरीला सगळं घर जमलं. पाचव्या फेरीला आईला कुकरची शिटी ऐकू आली. अकराव्या फेरीला मी एकटा उरलो. एक्स्प्रेसला कुठंतरी पोचायचं असतं आणि जेवणाच्या टेबलावर फक्त भाजी पोचते.

मालगाडीचा बेतही आखू नका. कोळशाची बॉक्सएन वाघीण १०.७ मीटर लांब असते. एचओ स्केलनं, म्हणजे ८७ पट लहान केली की सव्वाबारा सेंटिमीटर. कोराडीच्या वीजकेंद्राकडे निघालेल्या गाडीत अशा ५८ वाघिणी धरा. इंजिन आणि गार्डचा डबा सोडूनच ७ मीटर होतात, म्हणजे तेवीस फूट. तुमच्या बैठकीतून सुटलेली ही गाडी स्वयंपाकघर ओलांडून शेजाऱ्यांच्या देवघरात उभी राहील.

पायरी दुसरी : जागा मोजा

नवशिक्याची आवडती चूक म्हणजे आधी स्टेशन बांधणं. नागपूर स्टेशनची सावनेरच्या दगडातली इमारत १५ जानेवारी १९२५ रोजी सुरू झाली. मी ती पुठ्ठ्यात उभी करायला घेतली. तीन महिन्यांनी कमानी झाल्या, छज्जे झाले. मग लक्षात आलं की फळीवर रुळांना जागाच उरली नाही. ती इमारत सध्या कपाटावर असून तिच्यात जुनी वीजबिलं थांबतात.

जागा सहा फूट लांब आणि एक फूट रुंद पुरते. इंग्लंडच्या ॲलन राइट यांनी एवढ्याशा जागेचा एक खेळ करून ठेवलाय, इंगलनूक नावाचा. दोन सांधे, म्हणजे गाडीला रूळ बदलून देणाऱ्या जागा, आणि तीन साइडिंग, म्हणजे एका टोकाला बंद असलेले रूळ. एकीत पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोन्हींत तीन-तीन. इंजिनाला मागेपुढे व्हायला जो रूळ असतो, त्यात इंजिनासोबत तीनच. एकूण वाघिणी आठ. चिठ्ठ्या टाकून त्यातल्या पाच काढायच्या आणि ज्या क्रमानं चिठ्ठ्या निघाल्या, त्याच क्रमानं गाडी लावायची. असे क्रम किती होतात? ८ × ७ × ६ × ५ × ४, म्हणजे ६,७२०. रोज संध्याकाळी एक लावायचा म्हटला तर अठरा वर्षं निघतात. एवढ्यात मुलं शिकून पुण्याला जातात.

पायरी तिसरी : रूळ ठरवा

आपलं ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरचं. ८७नं भागलं की १९.३ येतात. बाजारात मिळणारा एचओचा रूळ मात्र १६.५ मिलिमीटरचा, कारण तो १,४३५ मिलिमीटरच्या विलायती गेजवरून काढलेला. म्हणजे आपलं इंजिन त्या रुळावर उभं केलं की पाय जवळ घेऊन बसल्यासारखं दिसतं. हा हिशेब एकदाच करावा आणि लगेच विसरावा. जे विसरत नाहीत ते स्वतः रूळ बनवायला बसतात आणि मग त्यांची गाडी कधीच सुटत नाही.

पण नागपूरकराच्या खिशात एक हुकमाचं पान आहे. सातपुड्यातली आपली छोटी रेल्वे ७६२ मिलिमीटरची होती. ८७नं भागा, ८.७६ येतात. आणि एचओहून लहान अशा एन स्केलचा तयार रूळ असतो ९ मिलिमीटरचा! पाव मिलिमीटरसाठी डोकं दुखवून घेऊ नये. छिंदवाड्याची छोटी गाडी २०१५ मध्ये बंद झाली, नागभीडची २०१९ मध्ये. तिथं ब्रॉडगेज करायचं ठरलं. पण मोतीबागेत २००२ पासून नॅरोगेजचं संग्रहालय आहे. तिथं जाऊन डबा किती उंच, पायरी किती रुंद, हे डोळ्यांनी बघून या. टेप काढण्याआधी तिथल्या माणसाला विचारा. न विचारता इंजिनाखाली वाकलेला माणूस कोणालाच आवडत नाही.

पायरी चौथी : जात ओळखा

बैलबाजारात गवळाऊ आणि खिल्लार यांतला फरक न कळणाऱ्यानं पाकीट आत ठेवावं. इथं जात कपाळावरच लिहिलेली असते. डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, डी म्हणजे डिझेल, एस म्हणजे शंटिंग.

डब्ल्यूडीएस-६ हा थोराड गडी. १,४०० अश्वशक्ती, १२६ टन, सहा आस. डब्ल्यूडीएस-४ त्याच्यापुढे गोऱ्हा. चित्तरंजनच्या कारखान्यात घडलेला, ६० टनांचा, जास्तीत जास्त ७०० अश्वशक्तीचा. तीन आसांची चाकं बाहेरून लोखंडी दांड्यांनी एकमेकांना बांधलेली. चालताना त्या दांड्या वरखाली होतात, ते बघत बसलं की चहा निवतो.

यांची तयार मॉडेलं कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाहीत. तेव्हा परदेशातले चुलतभाऊ बघायचे. डब्ल्यूडीएस-६च्या पोटात अमेरिकी अल्कोच्या घराण्याचं इंजिन आहे, म्हणून त्याच्यासाठी अल्कोचं शंटिंग मॉडेल शोधावं. डब्ल्यूडीएस-४साठी ब्रिटिशांचा क्लास ०८ चालतो. १९५२ ते १९६२ या काळात असे ९९६ घडवले गेले. त्यालाही तीनच आस आणि बाहेर दांड्या. वरून आपला रंग दिला, नंबर देवनागरीत घातला की पाहुणे फसतात. रेल्वेतले पाहुणे फसत नाहीत. त्यांना आधी चहा द्यावा.

पायरी पाचवी : पाय बघा

आता खरी परीक्षा. इंजिन उचला. हाताला जड लागलं पाहिजे. हलकं इंजिन चाकं फिरवतं आणि जागेवरच राहतं, जसे आमच्या सोसायटीचे ठराव.

मग ते उलटं करा आणि विचारा, वीज किती चाकांतून घेतं? उत्तर ‘सगळ्या’ असंच हवं. याचं कारण सांध्यात आहे. जिथं दोन रूळ एकमेकांना छेदतात, त्या तुकड्याला हौशी लोक फ्रॉग, म्हणजे बेडूक, म्हणतात. स्वस्त सांध्यात तो प्लास्टिकचा असतो, त्यात वीज नसते. माझं पहिलं शंटिंग इंजिन चार चाकांचं होतं. ते रोज झोकात निघायचं आणि नेमकं त्या बेडकावर येऊन बसायचं. एक चाक प्लास्टिकवर, दुसरं नागपूरच्या धुळीवर, तिसरं जेमतेम रुळाला टेकलेलं आणि चौथं हवेत. मग दिवा विझायचा. मी आकाशातून बोट खाली आणून त्याला हळूच टोचायचो आणि ते दचकून पुढच्या वाघिणीला धडकायचं. खऱ्या यार्डात असं बोट कधी खाली येत नाही, म्हणून तिथं नियम असतात.

उपाय तीन. चार चाकांच्या ऐवजी सहा चाकांचं इंजिन घ्या. सांधा धातूच्या, वीज असलेल्या फ्रॉगचा घ्या. आणि जमल्यास इंजिनात छोटा कपॅसिटर बसवून घ्या. तो सेकंदभराची शिदोरी बरोबर ठेवतो. चाकांवर जमणारा काळा थर फडक्यानं पुसायचा. सॅंडपेपर लावलात तर चरे पडतील आणि पुढची घाण त्यांत मुक्कामाला येईल.

पायरी सहावी : चाल बघा

भारतीय रेल्वेत शंटिंगचा वेग सर्वसाधारणपणे ताशी १५ किलोमीटरच्या वर जाऊ देत नाहीत. स्फोटकांच्या किंवा पेट्रोलच्या वाघिणी असल्या तर मर्यादा ८. याला ८७नं भागलं की परीक्षेचा पेपर तयार होतो. रुळाशेजारी एक फुटाची पट्टी ठेवा, मोबाइलमधलं घड्याळ लावा. १५च्या वेगाला पट्टी पार करायला सहा-साडेसहा सेकंद लागले पाहिजेत, ८च्या वेगाला बारा.

विक्रेता तुम्हाला इंजिन पळवून दाखवील. पळतं सगळंच. तुम्ही बारा सेकंद मागा. बहुतेक इंजिनं इतकी हळू चालायला लागली की कुरकुरतात, अडखळतात, नाहीतर मरतात. जे इंजिन बाराही सेकंद न थांबता, न दचकता, मिरवणुकीतल्या हत्तीसारखं चालेल, ते घ्या.

पायरी सातवी : नवतपा आणि कूलर

परदेशी पुस्तकांत हा धडा नसतो. मे महिन्यात, नवतप्याच्या म्हणजे सगळ्यांत कडक उन्हाच्या नऊ दिवसांच्या सुमाराला, फळी वाकडी झाली की नवशिक्या रुळाला दोष देतो. सहा फुटांचा रूळ तीस अंशांनी तापला तर जेमतेम एक मिलिमीटर वाढतो. मध्ये फट ठेवली की तो गप्प बसतो. खरा गुन्हेगार कूलर. वाळ्याच्या ताट्यांतून येणारी ओली हवा दिवसभर प्लायवुडला पाजली जाते. फळी फुगते, जून उलटेपर्यंत सांधे कण्हायला लागतात. फळीला खालून, वरून आणि कडांनाही रंग द्या. कूलरचं तोंड फिरवा. माझ्या बायकोचा यावर प्रश्न असा होता, “मंग आम्ही काय उकाड्यात बसायचं, अन् तुमचं इंजिन हवेत?” या प्रश्नाचं उत्तर या मार्गदर्शकाच्या कक्षेबाहेर आहे.

नेहमीचे प्रश्न

*नागपूरचं डायमंड क्रॉसिंग घरात बसवावं का?* नका. मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई हे मार्ग आपल्या गावात भेटतात, त्याचा अभिमान जरूर बाळगा. पण क्रॉसिंगवरून गाडी नुसती पलीकडे जाते. वाघिणीचा रूळ बदलायचा तर सांधाच लागतो.

*डीसी की डीसीसी?* डीसीत रुळातली वीज कमीजास्त करून इंजिन चालवतात. डीसीसीत रुळात वीज कायम असते आणि इंजिनातली चिप हुकूम ऐकते. घरात एक इंजिन आणि एक रिकामा माणूस असेल तर डीसी पुरे.

*आवाजाचं इंजिन घ्यावं का?* दुपारी झोपणारं कोणी घरात नसेल तर.

शेवटची पायरी

एवढं सगळं जमल्यावर एका संध्याकाळी मी खालच्या मजल्यावरच्या काकाजींना बोलावलं. त्यांची अख्खी नोकरी यार्डात गेलेली, सांधे ओढण्यात आणि वाघिणी जोडण्यात. त्यांना खुर्ची दिली, पोह्यांवर तर्री वाढली आणि माझं सहा चाकांचं इंजिन सोडलं. पट्टी सहा सेकंदांत पार झाली. साइडिंगमधल्या वाघिणींना ते टक्कन भिडलं, कपलिंग लागलं. मी वाहवा घ्यायला मान वळवली.

काकाजींची बशी हातातच होती. “काहून रे, एवढी दामटून राहिला?” ते म्हणाले. “मधात माणूस आहे ना!”

मी वाघिणींच्या मध्ये बघितलं. “कुठं आहे, काकाजी?”

“असतेच.”

मग त्यांनी बशी ठेवली आणि दोन बोटं वाघिणींच्या फटीशी नेऊन दाखवलं. कपलिंग आपोआप लागलं तरी हवेचे पाइप हातानंच जोडायचे. त्यासाठी वाकून आत जायचं. इंजिन भिडायच्या आधी उभं करायचं, माणूस बाहेर आला हे डोळ्यांनी बघायचं, मगच पुढचा इशारा. “वेग त्याच्यापायी कमी असते,” म्हणाले आणि तर्री संपवली.

दुसऱ्या दिवशी मी प्लास्टिकचा एक माणूस आणला. ८७ पट लहान, म्हणजे दोन सेंटिमीटरहूनही जरा कमी. त्याला निळा शर्ट रंगवला, हातात हिरवा झेंडा दिला आणि दोन वाघिणींच्या फटीशेजारी डिंकानं चिकटवला. तेव्हापासून पट्टीही लागत नाही आणि घड्याळही. इंजिन त्याच्याजवळ येतं, माझा हात आपसूक बटण मागे फिरवतो आणि ते वीतभर अलीकडे थांबतं.

तेव्हा दुकानात जाताना आधी तो माणूस विकत घ्या. त्याला खिशात ठेवा आणि मग इंजिन निवडा. जे त्याच्यापाशी थांबेल, ते तुमचं.