आधी अपवाद, मग हप्ता

घरात पिल्लू आलं की पाठोपाठ तीन गोष्टी येतात. पट्टा, पिशवीभर खाणं आणि विम्याची जाहिरात. जाहिरातीतलं कुत्रं तरुण असतं, ठणठणीत असतं, बागेत चेंडूमागे धावत असतं. विमा लागतो तो उठून उभं राहता येत नाही अशा कुत्र्याला.

मग घ्यावा की नाही? लोक या प्रश्नाचं उत्तर प्रेमाने देतात. प्रेम आहेच, म्हणून तर प्रश्न पडला. उत्तर मात्र बिलात शोधायचं आहे.

कुठल्या बिलात? लसीच्या? नाही. जंताच्या औषधाच्या? नाही. खाणं, केस, नखं, दातांची सफाई? बहुतेक पॉलिसी यातल्या कशालाही हात लावत नाहीत. हा दरवर्षीचा ठरलेला खर्च आहे आणि तो तुम्हीच भरणार. तो जड जाणार असेल, तर विचार पिल्लू आणण्याआधी करायचा.

विम्याचं बिल वेगळं. रात्री अकराला गाडीखाली सापडलेलं मांजर. गिळलेला मोजा आतड्यात अडकून बसलेला. मादीच्या गर्भाशयात झालेला पू, जो ऑपरेशनसाठी दिवस बघत नाही. भूल, शस्त्रक्रिया, रक्ततपासण्या, चार दिवस दाखल. हजारांनी सुरू झालेलं बिल मोठ्या शहरात सहज अर्ध्या लाखाकडे सरकतं.

डॉक्टर आकडा सांगतात. मग टेबलावरच्या जनावराकडे कुणी बघत नाही, सगळे एकमेकांकडे बघतात.

बरा होऊ शकणारा जीव केवळ पैसे नाहीत म्हणून इंजेक्शन देऊन झोपवला जातो. हे आपल्याकडे घडतं आणि त्यावर कुणी मोठ्याने बोलत नाही. विमा कशासाठी असेल तर याच क्षणासाठी. तेव्हा पॉलिसीच्या कागदावर आधी एकच गोष्ट शोधा: या बिलातले किती पैसे परत मिळतील?

आपल्याकडची कुत्र्याची जुनी पॉलिसी या प्रश्नाला उत्तरच देत नव्हती. सरकारी विमा कंपन्यांकडे ती वर्षानुवर्षं होती, पण साचा गाई-म्हशींचा. जनावर मेलं तर पैसे. शेतकऱ्यासाठी हा साचा योग्यच आहे. गाय गेली की घरातलं रोजचं उत्पन्न जातं. 2022 मध्ये लम्पी त्वचारोगाने गोठे रिकामे केले, तेव्हा राज्य सरकारने दगावलेल्या दुभत्या गाईमागे 30,000 रुपये दिले आणि ते द्यायलाच हवे होते.

पण कुत्र्याच्या मालकाला पैसे लागतात ते कुत्रं जिवंत असताना.

2020 मध्ये बजाज अलायन्झने उपचारखर्चासह कुत्र्यांचा विमा आणला. मग इतर कंपन्या आल्या, मांजरांच्या पॉलिसीही आल्या. मृत्यूचं कलम तरीही बहुतेक ठिकाणी आहे आणि ते जनावराच्या किमतीला बांधलेलं असतं. दुकानातून आणलेल्या पिल्लाची पावती असते. गल्लीतून उचलून आणलेल्या देशी पिल्लाची किंमत कोण ठरवणार? या कलमाच्या आकड्यावर भुलून पॉलिसी निवडू नका. शस्त्रक्रिया, दाखल होणं आणि मोठे आजार, एवढंच बघा.

आता अपवाद. हप्त्याचा आकडा पहिल्या पानावर असतो, अपवाद शेवटच्या पानांवर. वाचायचे उलट क्रमाने.

आधीपासून असलेला आजार: नाही. पॉलिसी घेतल्यावर पहिल्या काही आठवड्यांत झालेला आजार: बहुधा नाही. गाभणपण आणि त्यातल्या अडचणी: साधारणपणे नाही. पार्व्हो, डिस्टेंपर, लेप्टो यांची लस चुकवली असेल आणि तोच रोग झाला: नाही. हे शेवटचं ‘नाही’ मला पटतं. लस टाळायची आणि विम्याकडून सलाईनचे पैसे मागायचे, हे कुठल्या न्यायात बसतं?

काही ‘नाही’ मात्र अजिबात पटत नाहीत. लॅब्रॅडोर आणि जर्मन शेफर्डच्या खुब्याचं दुखणं त्या जातींत आनुवंशिक असतं. पर्शियन मांजरीत मूत्रपिंडाच्या गाठी पिढ्यान् पिढ्या येतात. अनेक पॉलिसींत आनुवंशिक आजार वगळलेले असतात. म्हणजे ज्या जातीला जो आजार होण्याची सर्वाधिक भीती, नेमका तोच बाहेर! पर्शियन मांजरीच्या मालकाने तेवढं एक कलम वाचावं. तो आजार वगळलेला असेल तर बाकीची पानं उलटायची गरज नाही.

गोचीड तापाचंही तसंच. पावसाळ्यापासून थंडीपर्यंत आपल्याकडच्या दवाखान्यांत तोच असतो. पॉलिसीत त्याला जागा आहे का? असली तर त्यावर वेगळी मर्यादा आहे का? पॉलिसीवर लिहिलेली मोठी रक्कम आणि एका आजारासाठी मिळणारी रक्कम यांत फार अंतर असतं. त्यात पुन्हा को-पे, म्हणजे मंजूर रकमेतला तुम्ही सोसायचा वाटा. समजा बिल 40,000 चं, त्या आजाराची मर्यादा 25,000 आणि को-पे 20 टक्के. हातात येतात 20,000.

तेही नंतर.

बहुतेक दवाखान्यांत बिल आधी तुम्ही भरता आणि मग कंपनीकडे मागता. मध्यरात्री पैसे उभे करायचेच आहेत, विमा असो वा नसो. हे जाहिरातीत सांगत नाहीत, म्हणून इथे सांगतो.

आणि वय. पॉलिसीत शिरण्याचं वय असतं, तसंच बाहेर काढण्याचंही. मोठ्या जातींसाठी ते आणखी लवकर येतं. माणसाचा आरोग्यविमा म्हातारपणी चालू ठेवता येतो, कुत्र्याचा अनेकदा म्हातारपणाच्या उंबरठ्यावरच संपतो. आयुष्यभर हप्ते भरू आणि शेवटी उपयोगी पडतील, या हिशोबाने विमा घेणाऱ्याने हे कलम दोनदा वाचावं. सांधे धरतात, मूत्रपिंड थकतं, गाठी येतात, आणि नेमकी तेव्हाच पॉलिसी नसते.

‘त्यापेक्षा महिन्याला पाचशे रुपये बाजूला टाकू,’ असं म्हणणारे बरेच आहेत. चूक नाही. वर्षाचे 6,000, दहा वर्षांचे 60,000 आणि वर व्याज. कुणाचा अपवाद नाही, कुणाची सही नाही. फक्त आठव्या महिन्यात पिल्लाचा पाय मोडला तर त्या साठ्यात 4,000 रुपये असतात.

म्हणजे साठा सुरुवातीला अपुरा आणि विमा शेवटी गैरहजर. मग दोन्हींचा वापर जिथे ते मजबूत आहेत तिथे का करू नये? पिल्लू असताना पॉलिसी घ्या, कारण तेव्हा जुना आजार नाही, वरच्या वयाची अट आड येत नाही. त्याच महिन्यात पोस्टात पाच वर्षांची आवर्ती ठेव उघडा. ठेव पिकली की पॉलिसी पुन्हा तपासा. साठा मोठं ऑपरेशन झेलण्याइतका झाला असेल, तर हप्ता बंद करून तीही रक्कम साठ्यात टाका. दोन्ही एकदम जमत नसेल तर पहिली चार-पाच वर्षं विमा, हे माझं सरळ मत. आणि नऊ वर्षांच्या कुत्र्यासाठी आज पॉलिसी शोधत फिरणाऱ्याने शोध थांबवावा, आजच ठेव सुरू करावी.

आणखी एक गोष्ट विचारात घेतली जात नाही. तुमच्या गावात ऑपरेशन करणारं कोण आहे? मुंबईत परळचं बाई साकरबाई रुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून उभं आहे, 2024 पासून महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचं रुग्णालय आहे. पुण्यात खासगी दवाखाने भरपूर. पण तालुक्याच्या गावी? सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना मुख्यतः गाई-म्हशींसाठी. मोठ्या उपचाराला गाडी करून शिरवळ, उदगीर, परभणी, अकोला नाहीतर नागपूरचं महाविद्यालय गाठायचं. तिथली फी खासगीपेक्षा पुष्कळ कमी असते. तालुक्याच्या गावातल्या माणसाला विम्याच्या हप्त्यापेक्षा गाडीभाड्याची सोय जास्त महत्त्वाची.

सोसायटीत राहता? मग तिसऱ्या व्यक्तीच्या नुकसानीचं कलम बघा. कुत्र्याने लिफ्टमध्ये कुणाला चावा घेतला, तर उपचाराचा आणि भरपाईचा खर्च तुमच्यावर येऊ शकतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 नुसार जनावराबाबतच्या निष्काळजीपणाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड आहे. तो दंड कुठलाही विमा भरत नाही, भरपाईचा बोजा मात्र उचलू शकतो. मोठं, दांडगं कुत्रं असेल तर या कलमासाठी थोडा जास्त हप्ता द्यायला हरकत नाही. शेजाऱ्याचं मूलही कुणाचं तरी लाडकं असतं.

आयकरात वजावट मिळेल का? नाही. आरोग्यविम्याच्या हप्त्याची वजावट स्वतःसाठी, जोडीदार, मुलं आणि आईवडिलांसाठी. ‘तो आमचा मुलगाच आहे’ हे तिथे चालत नाही.

पॉलिसी घ्यायची ठरलीच, तर कागद पहिल्या दिवसापासून सांभाळा. लसीकरणाचं पुस्तक, महापालिकेचा परवाना, ओळखीसाठी फोटो, शक्य असेल तर मायक्रोचिप. बिलावर जनावराचं नाव आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक हवा. चिठ्ठीवर खरडलेला आकडा म्हणजे बिल नव्हे. आणि 2024 पासून विमा नियामकाने कंपन्यांना ग्राहक माहिती पत्रक देणं बंधनकारक केलं आहे, ते एजंटकडून पैसे देण्याआधीच मागा. टाळाटाळ झाली तर तो माणूस दाव्याच्या वेळी काय करील, हे ओळखा.

दावा नाकारला गेला तर बहुतेक लोक चरफडतात आणि सोडून देतात. का सोडता? आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जा. कार्यालयं मुंबईतही आहेत, पुण्यातही. फी नाही, वकील लागत नाही. आठ हजारांच्या दाव्यासाठी कोण एवढं करतं, असं म्हणू नका. ते आठ हजार पुढच्या सलाईनचे आहेत.

पुढच्या लसीला जाल तेव्हा डॉक्टरांना दोन आकडे विचारून घ्या. इथे मोडलेल्या पायाच्या ऑपरेशनला किती लागतात आणि तीन दिवस दाखल ठेवायला किती? ते लसीच्या पुस्तकाच्या मागच्या पानावर लिहून ठेवा. एजंटचा फोन आला की ते पान समोर धरूनच बोला.