शैली आधी, चित्र नंतर

कर्नाटकच्या सीमाभागातल्या सदलग्यात राहून चित्रकार व्हायचं ज्याने मनावर घेतलं आहे, त्याने पेन्सिलीला टोक काढण्याआधी शैली ठरवून टाकावी. उलट क्रमाने गेलं की घात होतो. दूधगंगेच्या काठावर बसून समोरचा उसाचा फड काढायला घेतला, की पातं नेमकं कुठे वाकतं, भर दुपारी त्याचा हिरवा रंग पांढुरका का दिसतो, असल्या किरकोळ प्रश्नांत दिवस मावळतो आणि कागदावर उरतो तो नुसता ऊस. म्हणून नदीकडे पाठ करून बसावं आणि फोन उघडावा. तिथे शैलींचे ढीग पडलेले असतात. कुणाच्या माणसांना नाक नसतं, कुणाच्या माणसांचे डोळे बशीएवढे असतात, कुणाचं सगळं जग जांभळं. लग्नाचा बस्ता काढतात तसं चार जणांना विचारून त्यांतली एक उचलावी, आणि लगेच सही ठरवावी. सही कन्नडमध्ये की मराठीत, हा या भागात जरा नाजूक विषय असल्याने तिला मात्र पुरेसा वेळ द्यावा.

हा क्रम न पाळल्याचे परिणाम पाहायला फार लांब जायला नको. कोल्हापूरचे आबालाल रहिमान मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, शाहू महाराजांचा आश्रय त्यांना मिळाला, आणि तरी हा माणूस रंकाळा आणि कोटीतीर्थ या तळ्यांच्याच काठांवर रमला. तेच पाणी, तीच झाडं, वेळ तेवढी वेगळी: कधी सकाळचं धुकं, कधी कलतं ऊन. 1931 मध्ये ते गेले. आज त्यांचं निसर्गचित्र पाहून जाणकार सही शोधत बसत नाहीत, हे खरं. पण ती ओळख मिळवायला तळ्यावर आयुष्य घालवावं लागलं, हा हिशेब कुणी मांडत नाही. कोल्हापुरातच जन्मलेले चित्रकार धुरंधर तर याहून बेफिकीर. त्यांच्या आत्मचरित्राचं नावच ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’. एवढ्या वर्षांत आजचा होतकरू कलाकार एकेचाळीस शैली बदलून मोकळा होईल. बाबूराव मेस्त्रींनी कलाशाळेचं तोंडही न पाहता नाटकांचे पडदे रंगवले, मग सिनेमा काढला, त्याची पोस्टरंही रंगवली, आणि या धांदलीत लोकांनी त्यांचं आडनावच ‘पेंटर’ करून टाकलं. स्वतःचा ब्रँड स्वतः न ठरवल्यावर दुसरं काय होणार?

यावर कुणी म्हणेल की ही जुन्या काळची, हुबेहूब चित्रण करणारी माणसं. आधुनिक चित्रकाराला कसलं बंधन? त्याने थेट आपल्या मनातलं काढावं. आक्षेप वजनदार आहे आणि त्यासाठी वासुदेव गायतोंड्यांचं नाव हमखास पुढे केलं जातं. 2013 मध्ये मुंबईच्या लिलावात त्यांच्या एका कॅनव्हासला 23 कोटींहून अधिक किंमत आली. त्यात माणूस नाही, झाड नाही, फक्त रंगाचे थर. तेव्हा थरांपासूनच सुरुवात केली तर काय बिघडलं? बिघडतं एवढंच की गायतोंड्यांनी तशी सुरुवात केली नव्हती. जे. जे.तला अभ्यास, लघुचित्रांतल्या आकृती, मग चित्रकार पॉल क्लेचा प्रभाव, अशी एकेक गोष्ट ते आधी करत आणि मग टाकत गेले. जे हातात आलेलंच नाही ते टाकायचं कसं, हे मात्र ते सांगून गेले नाहीत. शिवाय ते वर्षाला जेमतेम पाच-सहा चित्रं पुरी करत. फोनवर रोज एक चित्र टाकायचं असताना हा वेग परवडणारा नाही, त्यामुळे त्यांचा फक्त लिलावाचा आकडा घ्यावा आणि बाकीचं सोडून द्यावं.

दुसरा आक्षेप चित्रकलेच्या शिक्षकांचा असतो. पलीकडे महाराष्ट्रात एलिमेंटरी-इंटरमिजिएट, इकडे लोअर-हायर. परीक्षा द्या, मडकं आणि त्याची सावली नीट काढा, शैली आपोआप येईल, असं ते म्हणतात. मडकं काढायला आपली हरकत नाही. खरी भीती आहे ती ‘आपोआप’ या शब्दाची. आपोआप येणारी शैली आपल्याला विचारून येत नाही. सीमाभागात पाट्या रंगवणाऱ्या हाताचं उदाहरण घ्या. सकाळी कन्नड पाटी, संध्याकाळी मराठी. वर्षानुवर्षं कन्नडच्या गोलाईत फिरलेला कुंचला देवनागरीच्या शिरोरेषेखाली आला, की त्याचे ‘क’ आणि ‘व’ जरा जास्तच गरगरीत उतरण्याचा धोका आहे. तो पेंटर काही असं ठरवून करणार नाही. कुणी विचारलं तर ‘अक्षर बिघडलंय व्हय?’ म्हणून वर ओशाळेल. पण दुरून पाटी पाहणारा नेमकं ओळखेल, की हे त्याचंच काम. जी गोष्ट चूक म्हणून पुसायला निघावं आणि तरी पुसली जाऊ नये, तिला शैली म्हणायचं झालं तर निवडीला जागाच उरत नाही, आणि या मार्गदर्शनालाही.

तेव्हा निवडलेली शैली जपायची असेल तर ऊसतोड सुरू होण्याआधीचे दिवस विशेष सांभाळावेत. ऊस वाहणाऱ्या ट्रॉल्या रंगायला येतात, प्रत्येकाला आपली उद्या सकाळीच हवी असते. मागच्या फळीवर देवाचं नाव, खाली मुलांची नावं, कडेला मोर किंवा कमळ. कुणी मदतीला हाक मारली तर आजारी असल्याचं कळवावं. तिसऱ्या-चौथ्या ट्रॉलीपर्यंत ठरवलेली शैली आठवणीत राहील, पण विसाव्या मोराची मान काढताना हात स्वतःच्या सवयीने वळायला लागतो, आणि त्या वेळी त्याला अडवायला कुणाला सवड नसते.