झाडाला क्यूआर कोड

2020 साली परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि क्यूआर कोडला आपल्याकडे गंड्यादोऱ्याचं माहात्म्य आलं. पाठ्यपुस्तकांतल्या कोडमागे त्यांनी कविता, गोष्टी, पाठ मेहनतीने तयार करून ठेवले होते, हा तपशील हारतुऱ्यांत दबला.

आता जालन्यातली एखादी शाळा डोळ्यांपुढे आणा. अंगणात कडुनिंब. तिसरीचं पोरगं खिशात लिंबोळ्या कोंबून त्याच्याच सावलीत उभं. पण परिसर अभ्यासातला ‘नवोपक्रम’ असा, की खोडावरचा कोड स्कॅन करायचा आणि झाडाचं नाव जाणून घ्यायचं! मोबाइल बापाकडे, बाप मोसंबीच्या बागेत. मग गुरुजींचाच फोन हातोहात फिरतो. रेंज येईस्तोवर मधली सुट्टी होते. नद्यांचंही तेच. वर्गातल्या पडद्यावर अ‍ॅमेझॉन धो धो वाहते. गावातली कुंडलिका दाखवायला न्यायचं, तर आधी परवानगीचा अर्ज.

शेवटी अहवालाचा फोटो. पोरं झाडाकडे पाठ करून उभी, कारण चेहरे स्पष्ट दिसायला हवेत. ग्रुपवर साहेबांचे अंगठे पडतात. लिंबोळीत बी बहुधा एकच निघते, हे मात्र पोरांनी फोडून, चाखून, थुंकून आधीच तपासलेलं असतं. त्यासाठी फॉर्ममध्ये रकाना नाही.